रिकन्सिलिएशन वीकचा कार्यक्रम कौन्सिलच्या दारात: आधी कोणाला विचारायचं, मग काय मांडायचं

ऑस्ट्रेलियात दर वर्षी २७ मे ते ३ जून हा आठवडा 'नॅशनल रिकन्सिलिएशन वीक' म्हणून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी (अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर, मिळून 'फर्स्ट नेशन्स') सलोख्याचा आठवडा म्हणून, पाळला जातो. टाउन हॉल, राज्य सरकारची कार्यालयं, ग्रंथालयं यांच्यासमोर झेंडे चढतात, पानांचा धूर होतो, त्या समाजांतली ज्येष्ठ मंडळी पाहुण्यांचं स्वागत करतात. या कार्यालयांत आता मराठी माणसं भरपूर आहेत आणि आयोजन समितीत त्यांचं नाव हमखास घातलं जातं. मंडळांनाही सहभागाचं निमंत्रण येतं. हे टिपण अशा दोघांसाठी आहे.

बहुतेक ठिकाणी काम उलट्या टोकाने सुरू होतं: हॉल आरक्षित, महापौरांची वेळ घेतली, पोस्टर छापायला गेलं, आणि मग कोणीतरी विचारतं, "अहो, वेलकमसाठी कोण येणार?" तोवर मे उजाडलेला असतो. इमारत सरकारची असली तरी यजमानपण त्या भूमीच्या लोकांचं आहे. त्यांना शेवटी बोलावलं की पुढची प्रत्येक गोष्ट चुकत जाते.

तारीख कोणती, आणि त्या दिवशी काय शोभतं

२६ मे, २७ मे, ३ जून आणि जुलैतला नायडॉक वीक यांची सरमिसळ करू नका.

२६ मे हा सॉरी डे. आईबापांपासून तोडून नेलेल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर मुलांबद्दलचा चौकशी अहवाल २६ मे १९९७ ला संसदेत मांडला गेला, आणि पुढच्या वर्षीपासून हा दिवस पाळला जाऊ लागला. हा दुःखाचा दिवस आहे. त्या दिवशी फेस पेंटिंग, सॉसेज सिझल, नाचगाणी ठेवणं म्हणजे तेराव्याला बँड लावण्यासारखं आहे. शांत सभा, त्या अनुभवातून गेलेल्या एखाद्या व्यक्तीचे शब्द, चहा, एवढं पुरे.

२७ मे म्हणजे १९६७ च्या सार्वमताचा दिवस. सूत्रसंचालनात इथे सर्वांत मोठी घोडचूक होते: "या दिवशी अ‍ॅबोरिजिनल लोकांना मतदानाचा हक्क मिळाला." तसं झालेलं नाही. केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९६२ मध्ये आला होता. १९६७ मध्ये ९०.७७ टक्के मतांनी राज्यघटनेत दोन बदल झाले: अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आणि लोकसंख्येच्या गणनेतून त्यांना वगळणारं कलम गेलं. "त्याआधी त्यांची नोंद वनस्पती आणि प्राण्यांच्या कायद्याखाली होती" हे वाक्यही फार फिरतं. तसा कायदा नव्हता, ते भाषणातून काढा.

३ जून हा माबो दिवस. ३ जून १९९२ ला हायकोर्टाने 'ही जमीन कोणाचीच नव्हती' हे ब्रिटिश गृहीतक फेटाळलं आणि भूमीवरचा मूळ हक्क मान्य केला. खटला लढणारे एडी कोइकी माबो टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे. निकालाच्या काही महिने आधी, जानेवारीत, ते वारले होते, त्यामुळे "निकाल ऐकून माबो आनंदले" असलं काही लिहू नका. ३ जूनला टोरेस स्ट्रेटचा झेंडा किंवा वक्ता नसेल तर कार्यक्रम न केलेला बरा.

जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू होणारा नायडॉक वीक हा फर्स्ट नेशन्स लोकांचा स्वतःचा उत्सव. तिथे बाकीचे पाहुणे असतात. रिकन्सिलिएशन वीकमध्ये मात्र राबायचं काम बाकीच्यांचं. म्हणून कार्यालयातल्या एकुलत्या एक अ‍ॅबोरिजिनल सहकाऱ्यावर सगळं ढकलू नका. त्यांना विचारायचं असेल तर "सल्लागार म्हणून किती तास देता येतील आणि तुमचं रोजचं काम कोण उचलेल" असं विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

पहिला फोन

वेलकम टू कंट्री, म्हणजे त्या भूमीत केलेलं स्वागत, आणि अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री, म्हणजे ती भूमी त्यांची असल्याची जाहीर कबुली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेलकम फक्त त्या भूमीचे परंपरागत राखणदार, किंवा त्यांनी परवानगी दिलेली व्यक्ती, करू शकते. अ‍ॅक्नॉलेजमेंट कोणीही करू शकतं, तुम्हीसुद्धा. दुसऱ्या भागातून आलेली अ‍ॅबोरिजिनल व्यक्तीही इथे वेलकम करू शकत नाही. "ती अ‍ॅबोरिजिनल आहे ना, मग झालं" हे चालत नाही.

व्हिक्टोरियात २००६ च्या अ‍ॅबोरिजिनल हेरिटेज कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत, त्यांना 'रजिस्टर्ड अ‍ॅबोरिजिनल पार्टी' म्हणतात. सरकारी भाषेत तिचंही लघुरूप रॅप आणि 'रिकन्सिलिएशन अ‍ॅक्शन प्लॅन'चंही (संस्थेच्या सलोख्याच्या कार्ययोजनेचंही) रॅप. ईमेलमध्ये नुसतं "रॅपशी बोललो" असं लिहिलं की अर्धं ऑफिस वेगळंच समजतं. दोन्ही पूर्ण लिहा. मेलबर्नमध्ये वुरुंजेरी वोई-वुरंग आणि बूनुरॉंग यांच्यातली हद्द १ जुलै २०२१ पासून बदलली. शहराचा मध्यभाग (सीबीडी) आणि रिचमंड वुरुंजेरींकडे, सेंट किल्डा आणि अल्बर्ट पार्क बूनुरॉंगांकडे. कपाटातल्या २०१९ च्या भाषणावरून नाव उचललं तर इथेच फसता.

न्यू साउथ वेल्समध्ये १९८३ च्या लँड राइट्स कायद्याखालच्या लोकल अ‍ॅबोरिजिनल लँड कौन्सिल असतात. मध्य सिडनीसाठी मेट्रोपॉलिटन, पश्चिमेकडे डीरूबिन. पण लँड कौन्सिल आणि त्या भूमीची मूळ घराणी एकच असतील असं नाही. तुमच्या नगर-कौन्सिलच्या अ‍ॅबोरिजिनल लायझन अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय कोणालाही निमंत्रण पाठवू नका. कॅनबेरात हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला: तिथलं सरकार फक्त नुन्नवल लोकांना मान्यता देत होतं, ङाम्ब्री घराण्याने आव्हान दिलं, आणि २०२३ मध्ये सरकारने माफी मागून आपली पद्धत बदलली. नावं जाहीर करणारी समिती तुमची नसेल तर स्वतः निवाडा करू नका. तुमच्या खात्याचं चालू धोरण काय आहे ते लेखी घ्या.

फोन किमान आठ आठवडे आधी करा. मार्चअखेर केलात तर उत्तम. या एका आठवड्यात एकेका ज्येष्ठाला डझनावारी बोलावणी असतात आणि माणसं मोजकीच. मेच्या मध्यावर विचारलंत तर नकारच येणार. त्यात रागाचा भाग नसतो. फोनवर तारीख सांगू नका, तारीख विचारा. दोन-तीन पर्याय द्या आणि त्यांच्या सोयीच्या दिवसाभोवती महापौरांची वेळ बसवा. नेमकं काय हवं आहे तेही त्यांनाच ठरवू द्या: वेलकम, धूर, नाच, गोष्ट, की फक्त वेलकम.

पैसे

वेलकमला मानधन असतं आणि ते संस्था ठरवते. साधारण काहीशे डॉलरपासून सुरुवात. धुराचा विधी, नर्तक, वाद्य, शनिवार-रविवार, लांबचा प्रवास यांचे वेगळे. घासाघीस करू नका. शहरातल्या वक्त्याला हजारो डॉलर देणारी खाती ज्येष्ठाच्या पाचशेवर "बजेट नाही" म्हणतात, ते फार वाईट दिसतं.

खरी अडचण रकमेची नसते, उशिराची असते. सरकारी खात्यात नवा पुरवठादार नोंदवायला दोन-तीन आठवडे आणि बिल चुकतं व्हायला तीस दिवस सहज जातात. म्हणून पुरवठादाराचा फॉर्म फोननंतर लगेच पाठवा, पर्चेस ऑर्डर एप्रिलमध्ये काढा, आणि कार्यक्रमाच्याच दिवशी पैसे जातील असं अकाउंट्सकडून लेखी घ्या. ज्यांच्याकडे एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) नसतो त्यांच्या बिलातून ४७ टक्के कापावे लागतात. त्यांचं काम व्यवसायात मोडत नसेल तर 'स्टेटमेंट बाय अ सप्लायर' हा कर खात्याचा एकपानी फॉर्म भरून घेता येतो. हे आधी सांगितलं नाही तर निम्मेच पैसे हातात पडतात आणि पुढच्या वर्षी कोणी फोन उचलत नाही.

खाणं, छपाई, झेंडे, भेटवस्तू यांसाठी सप्लाय नेशनच्या यादीतले फर्स्ट नेशन्स व्यवसाय आधी बघा. विमानतळावरच्या दुकानातली बूमरँग पाहुण्यांना देऊ नका. त्यातली पुष्कळशी ऑस्ट्रेलियाबाहेर बनलेली असतात, आणि 'अस्सल' म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने २३ लाख डॉलर दंड केला होता.

झेंडे

अ‍ॅबोरिजिनल झेंडा हॅरल्ड थॉमस यांनी केला. १९७१ च्या जुलैत तो प्रथम अ‍ॅडलेडमध्ये फडकला. वर काळा, खाली लाल, मध्ये पिवळा गोल. उलटा लावण्याची चूक दर वर्षी कुठे ना कुठे होते, कारण घडी उघडताना तो वरून-खालून सारखाच वाटतो. चढवण्याआधी काळा पट्टा वर आहे हे बघा. आदल्या दिवशी एकदा चढवून फोटो काढा. टोरेस स्ट्रेट झेंडा बर्नार्ड नामोक यांनी १९९२ मध्ये रेखाटला. हिरवे पट्टे वर-खाली, मध्ये निळा, मधोमध पांढरा धारी हा शिरोभूषणाचा आकार आणि पाच टोकांचा तारा. यातही उलट-सुलट ओळखायची खूण हाच तारा: तो धारीच्या आत, खाली येतो. दोन्ही झेंडे १९९५ पासून कायद्याने मान्य आहेत. अ‍ॅबोरिजिनल झेंड्याचे स्वामित्वहक्क २०२२ मध्ये सरकारने विकत घेतल्यापासून तो छापायला परवानगी लागत नाही.

सगळे झेंडे एका मापाचे घ्या. इमारतीकडे तोंड करून उभं राहिलं की राष्ट्रध्वज अगदी डावीकडे, मग राज्याचा, मग हे दोन. राष्ट्रध्वज आधी चढतो आणि शेवटी उतरतो. दोऱ्या ओढायला माणसं पुरेशी असतील तर सगळे एकत्र. उजेडाची सोय नसेल तर अंधारापूर्वी उतरवा. मेअखेर मेलबर्नमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे "ऑफिस सुटल्यावर साडेपाचला ध्वजारोहण" हा बेत जमत नाही. सकाळी अकरा ही चांगली वेळ: दव उडालेलं असतं, ज्येष्ठांना पहाटे निघावं लागत नाही.

दोरीवर कोण? ज्येष्ठ किंवा त्यांनी सांगितलेली मुलं. आमदारांना फोटोपुरतं दोरीला हात लावायला बोलावणं टाळता आलं तर टाळा.

धुराचा विधी

यात सर्वाधिक तांत्रिक अडचणी येतात, म्हणून जरा सविस्तर.

तो बाहेरच करा. इमारतीच्या आत करायचा हट्ट धरला तर धूर-संवेदक बंद ठेवावे लागतात, त्यासाठी व्यवस्थापकाला कित्येक दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि कोणी विसरलं तर बंब येतो व त्याचं बिलही. बाहेर करतानाही जागा निवडण्याआधी वारा आणि एसीची हवा खेचणारी जाळी बघा. दारं आणि जाळीपासून निदान दहा मीटर ठेवा. ती जाळी बहुधा तळमजल्यावर झुडपांमागे लपलेली असते. तिच्याजवळ विस्तव ठेवला की पाचव्या मजल्यावर अलार्म वाजतो आणि कोणालाच कारण कळत नाही.

पायांचं रुंद लोखंडी भांडं किंवा अर्धा ड्रम, खाली जाड वाळू किंवा अग्निरोधक चटई, दोन बादल्या पाणी, एक अग्निशामक, जाड हातमोजे. फरशी दगडी असेल तर चटई सक्तीची. उष्णतेने दगड तडकतो आणि काजळीचा डाग निघत नाही. पेटवायला वीस ते तीस मिनिटं आधी हवीत, कारण ओल्या पानांचा धूर निखाऱ्यावरच चांगला येतो. ज्वाळेवर टाकलेली पानं भडकतात आणि लगेच संपतात. पाहुणे जमल्यावर काडी लावली तर पहिली दहा मिनिटं सगळे थंडीत ताटकळतात.

पानं कोण आणणार हे विचारा. वुरुंजेरींच्या विधीत चेरी बॅलार्ट, वॅटल आणि मॅना गम अशी ठरावीक पानं असतात. "नीलगिरीची कुठलीही" चालत नाही. तुम्हीच आणायची असतील तर पार्कमधून तोडायला कौन्सिलच्या बागखात्याची परवानगी घ्या. उत्तरेकडे, डार्विनच्या बाजूला, हा कोरडा ऋतू असतो. आगबंदीचा दिवस असेल तर विधी होणार नाही, याचा पर्याय ज्येष्ठांशी आधीच बोलून ठेवा.

दम्याच्या माणसांसाठी प्रवेशाजवळ पाटी लावा आणि वाऱ्याच्या उलट बाजूने वेगळी वाट ठेवा. धुरातून जाणं ऐच्छिक असतं. मागे दोनशे माणसं असतील तर रांगेला वीस मिनिटं लागतात. ती वेळापत्रकात धरा. शेवटी राख कचऱ्यात टाकू नका. भिजवून पूर्ण थंड होऊ द्या, आणि ती कुठे जायला हवी ते विचारा; पुष्कळदा ती मातीतच परत द्यायची असते.

दार, सुरक्षा, मंच

सरकारी इमारतीत बॅगा तपासतात. काठ्या, भाले, काडेपेटी, लाकडी भांडी घेऊन आलेल्या नर्तकांना दारात अडवलं तर सकाळच नासते. नावं, गाड्यांचे नंबर आणि वस्तूंची यादी दोन दिवस आधी सुरक्षाप्रमुखांना द्या, आणि त्या सकाळी दारात ओळखणारा एक माणूस उभा ठेवा. दाराजवळची पार्किंगची जागा ज्येष्ठांसाठी. महापौरांची गाडी लांब लावली तरी चालते. बाहेर बसायचं असेल तर पाठ टेकणाऱ्या खुर्च्या, ब्लँकेट आणि गरम चहा लागतोच. कॅनबेराची मेमधली सकाळ शून्याजवळ असते.

नर्तक अंगाला गेरू लावतात. तो गालिच्यावर आणि पांढऱ्या दगडावर डाग पाडतो, म्हणून वाटेवर कापड अंथरा. कपडे बदलायला बंद खोली, गरम पाणी, जुने टॉवेल द्या. अपंगांच्या शौचालयात बदलायला लावणं हा अपमान आहे. नाचायला निदान सहा बाय सहा मीटर जागा ठेवा, आणि अनवाणी पायांखाली काच-खडे नाहीत हे झाडून बघा.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नच्या अ‍ॅन्झॅक डेच्या (युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या) पहाटेच्या सभेत वेलकम चालू असताना काहींनी हुर्यो केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये फर्स्ट नेशन्सच्या 'व्हॉइस'चा प्रस्ताव सार्वमतात फेटाळला गेल्यानंतर हवा तशीच आहे. म्हणून असं काही झालं तर कोण काय करेल हे ठरवून ठेवा: सूत्रसंचालकाने वाद घालायचा नाही, सुरक्षारक्षकाने बाजूला न्यायचं, आणि ज्येष्ठांच्या शेजारी सतत एक माणूस असायचा. हा धोका त्यांना आधी सांगा, लपवू नका.

क्रम सोपा ठेवा. सर्वांत आधी वेलकम, पाच ते दहा मिनिटं, महापौरांच्याही आधी. मग धूर, झेंडे, महापौर तीन मिनिटं, मुख्य वक्ता, नाच, जेवण. ज्येष्ठ उशिरा पोहोचत असतील तर सूत्रसंचालकाने अ‍ॅक्नॉलेजमेंट करून सुरुवात करावी आणि ते आल्यावर वेलकमसाठी थांबावं. वेलकम झाल्यावर पुढच्या प्रत्येक वक्त्याने लांबलचक अ‍ॅक्नॉलेजमेंट पुन्हा वाचायची गरज नाही. ज्येष्ठांचं नाव घेऊन एका वाक्यात आभार मानले की झालं.

मराठीतून अ‍ॅक्नॉलेजमेंट

गणेशोत्सव किंवा दिवाळीला कौन्सिलचा हॉल घेणाऱ्या मंडळांनी ते मराठीतून जरूर करावं. इंग्रजी मजकूर धडाधडा वाचण्यापेक्षा आपल्या भाषेत सावकाश म्हटलेलं बरं. नमुना:

"आज आपण जमलो आहोत ती भूमी वुरुंजेरी वोई-वुरंग लोकांची आहे. तिची राखण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि तिच्यावरचा हक्क त्यांनी कधीही सोडून दिलेला नाही. त्यांच्या आजवरच्या सर्व ज्येष्ठांना आमचं वंदन. इथे आलेल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर मंडळींनाही आमचं आदराचं वंदन."

समोर दुसऱ्या भाषांचे पाहुणे असतील तर इंग्रजीतही म्हणा. नावाचा उच्चार स्पेलिंगवरून ठरवू नका. अ‍ॅडलेडच्या लोकांचं नाव 'के'ने लिहितात पण उच्चार गार्ना असा करतात. त्यांच्या कार्यालयात फोन करून ऐका आणि कार्डावर देवनागरीत लिहा. 'अंकल', 'आंटी' ही संबोधनं त्यांच्या समाजाने दिलेला मान असतो. आपण काका-मावशी सहज म्हणतो तसं परस्पर चिकटवू नका. ते स्वतःची ओळख जशी करून देतात तसं म्हणा.

आणि एक आगाऊ सल्ला. मंडळाला निमंत्रण आलं की कोणीतरी लेझीम किंवा वारली नाच मंचावर आणण्याचं सुचवतं. नका आणू. तो मंच त्यांचा आहे, आणि वारली नसलेल्यांनी वारली वेशात तिथे नाचणं म्हणजे त्याच कार्यक्रमात दुसऱ्याची परंपरा परस्पर उचलण्याची चूक करणं. मंडळाचे हात स्वयंपाक, खुर्च्या, पार्किंग यांत जास्त उपयोगी पडतात.

जेवण आणि मुलांचे कोपरे

लेमन मर्टलचा चहा, वॅटलसीडची बिस्किटं, डॅम्पर, सॉल्टबुश, कांगारूचं मांस असं काही फर्स्ट नेशन्स केटरर आणतील. प्रत्येक पदार्थावर पाटी हवी: मांस कोणतं, शाकाहारी आहे का, मॅकाडेमिया आहे का. कांगारूचं मांस बघून नाक मुरडणारे आपलेच लोक असतात. शाकाहारी टेबल वेगळं आणि चिमटेही वेगळे ठेवले की कुजबुज टळते. ज्येष्ठांना रांगेत उभं करू नका, ताट नेऊन द्या.

मुलांना 'डॉट पेंटिंग' शिकवायला शिक्षकाला उभं करू नका. ठिपक्यांतून सांगितलेल्या कथा ठरावीक घराण्यांच्या असतात. कलावंताला पैसे देऊन बोलवा, तो ठरवेल काय शिकवायचं. डिजेरिडू हे मुळात उत्तरेकडचं वाद्य, सगळ्या समाजांचं नाही, आणि अनेक ठिकाणी स्त्रियांनी ते वाजवू नये असा संकेत आहे. त्यामुळे "या, फुंकून बघा" असा स्टॉल मांडायच्या आधी तिथल्या ज्येष्ठांना विचारा.

फोटो आणि चित्रफीत

कुठल्या भागाचे फोटो चालतील हे विधीआधी विचारून सूत्रसंचालकाकडून जाहीर करा. मोठ्या पडद्यावर जुनी छायाचित्रं दाखवणार असाल तर त्यात दिवंगत व्यक्ती असू शकतात. सुरुवातीला तशी सूचना द्या, आणि नुकतंच कोणी वारलं असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव किंवा चेहरा दाखवू नका. एका कार्यक्रमात चित्रित केलेलं वेलकम पुढच्या बैठकीत लावून काम भागवण्याची सवय बऱ्याच खात्यांना लागली आहे. ते त्या दिवसापुरतं, त्या लोकांसाठी दिलेलं असतं. पुन्हा वापरायचं असेल तर लेखी परवानगी घ्या आणि मानधनही द्या.